सगळ्यांना दिसणारी जागा

गोरेगावात सकाळ लवकर सुरू होते. हिंगोलीला जाणारे गाडीची वाट बघत उभे असतात. वावरात जाणारे त्याआधीच निघून गेलेले असतात. यातली बरीच मंडळी ग्रामपंचायतीवरून जातात. तिथं भिंतीला एक काळा फळा आहे. त्यावर खडूनं लिहिलेलं असतं. ग्रामसभा कधी आहे. घरपट्टी कुठवर भरायची. लसीकरण कोणत्या वारी. नळाला पाणी उद्या की परवा.

फळा कुणाला हाक मारत नाही. कुणी थांबून वाचतं, कुणी चालता चालता नजर टाकतं, कुणी वाचत नाही. न वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं की विचारायची वेळ आली तर ते तिथं आहे. घरोघरी जाऊन सांगायचं तर अर्धा दिवस जाईल आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत निरोप बदललेला असेल. म्हणून एकदाच लिहायचं, एकाच जागी.

खडू फळ्याच्या चौकटीवरच ठेवलेला असतो. हात पुरेल इतक्या उंचीवर. तरी येणारा-जाणारा त्यावर आपलं काही लिहीत नाही. तसा नियम कुठं लावलेला नाही. शिपाई लिहितो, गाव वाचतं. जिथं सगळ्यांचे डोळे पोचतात, तिथं सगळ्यांचे हात पोचून चालत नाही, हे न सांगता सगळ्यांना कळलेलं आहे.

मी हिंगोलीला मुलांना जावा शिकवतो. वेब अ‍ॅप्लिकेशनचा भाग सुरू झाला की दरवर्षी कुणीतरी हात वर करतं. ‘सर, ही एक गोष्ट सगळ्याच पानांना लागते. दर ठिकाणी परत परत लिहायची का?’

उत्तर सोपं आहे. सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट नावाची एक वस्तू असते. अ‍ॅप्लिकेशन उभं राहताना टॉमकॅटसारखा कंटेनर ती तयार करतो. सेट अ‍ॅट्रिब्यूट म्हणून तिच्यात एखाद्या नावानं काही ठेवायचं. गेट अ‍ॅट्रिब्यूट म्हणून त्याच नावानं ते मागायचं. मग कोणत्याही सर्व्हलेटला, कोणत्याही जेएसपी पानाला ते मिळतं. जेएसपीत तर ही वस्तू ‘अ‍ॅप्लिकेशन’ या नावानंच हाताशी असते. एवढं सांगून झालं की मुलं वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या धड्याकडे बघू लागतात.

मी तिथंच रेंगाळतो. सगळ्यांना कसं द्यायचं, हे दोन ओळींत सांगून होतं. सगळ्यांना काय द्यायचं, याला दोन ओळी पुरत नाहीत.

आमच्याकडे हळद खूप. म्हणून सरावाला मी हळदीच्या बाजाराचं छोटं अ‍ॅप्लिकेशन घेतो. शेतकरी आपलं नाव घालून आत येतो. आजचा भाव बघतो. आपला माल किती भरला आणि पट्टी किती झाली, ते बघतो. बाहेर पडतो.

यात प्रत्येक माहितीला आपापलं आयुष्य आहे. ‘कांडीचा आजचा भाव दाखव’ एवढं विचारलं, उत्तर मिळालं, संपलं. ही रिक्वेस्टची माहिती. ती क्षणभर जगते. आत आलेला शेतकरी कोण, हे तो बाहेर पडेपर्यंत लक्षात ठेवावं लागतं. ही सेशनची माहिती. टॉमकॅटमध्ये काही बदल केला नाही, तर 30 मिनिटं कुणी हालचाल केली नाही की सेशन आपोआप मिटतं. पिकांची नावं, वजनाचं माप, बाजार समितीचं नाव यांचं तसं नाही. ती कुणा एकाची नाहीत. एक क्विंटल म्हणजे 100 किलो, हे गोरेगावच्या शेतकऱ्यालाही तेवढंच आणि वसमतच्या शेतकऱ्यालाही तेवढंच. ही अ‍ॅप्लिकेशनची माहिती. अ‍ॅप्लिकेशन चालू आहे तोवर ती असते. एका पानापुरती जगणारी आणखी एक चौथी पायरी जेएसपीत आहे. तिचं फारसं काम पडत नाही.

एकदा एका मुलानं आत आलेल्या शेतकऱ्याचं नावच अ‍ॅप्लिकेशनमध्ये ठेवलं. त्याला ते प्रत्येक पानावर वर दाखवायचं होतं. त्याच्या संगणकावर सगळं बरोबर चाललं. ‘नमस्कार’ आणि पुढं त्याचं नाव. हे पान उघडा, ते पान उघडा, नाव हजर. तो खूश. मग शेजारच्या मुलीनं आपल्या संगणकावरून त्याच अ‍ॅप्लिकेशनमध्ये स्वतःचं नाव घातलं. मुलानं आपलं पान ताजं केलं. त्याच्या पानावर तिचं नाव आलं. तिसऱ्यानं नाव घातलं, तेव्हा तिघांच्याही पानावर तिसरा.

वर्ग हसला. मुलाला काही कळेना. ‘सर, मघाशी तर बरोबर होतं.’

मघाशीही बरोबर नव्हतं. मघाशी तो एकटा होता. माणूस एकटा असला की त्याचं स्वतःचं काय आणि सगळ्यांचं काय, यात फरक दिसत नाही. आपलं नाव सगळ्यांच्या जागेवर लिहिलेलं असतं आणि ते आपल्या घरातच लिहिलंय असं वाटत राहतं. दुसरा आला की मग कळतं. चूक पहिल्या क्षणापासून तिथं असते. ती उघडी पडायला फक्त शेजारी लागतो.

त्या दिवशी पडद्यावर नुसती नावं होती. नावाच्या जागी हळदीच्या पट्टीची रक्कम असती तर? सामायिक जागा एखाद्याचं गुपित मुद्दाम फोडत नाही. तिला दिलेलं सगळ्यांना दाखवणं एवढंच तिला येतं.

या चुकीचं एक जास्त लपून राहणारं भावंडही आहे. काही मुलं सर्व्हलेट कॉन्टेक्स्टला हात लावत नाहीत. ती नाव सर्व्हलेटच्याच एका फील्डमध्ये ठेवतात. आपल्या कोडमध्ये, आपल्या फाइलमध्ये ठेवलंय, म्हणजे ते आपलंच, अशी त्यांची समजूत. पण कंटेनर एका सर्व्हलेटची सहसा एकच प्रत करतो आणि येणारी प्रत्येक विनंती त्याच एका प्रतीतून जाते. प्रत्येक विनंतीचा थ्रेड वेगळा असतो, प्रत मात्र तीच. म्हणजे ती जागाही सगळ्यांचीच. तिच्यावर तशी पाटी नाही, इतकंच. पाटी नसलेल्या सामायिक जागा पाटी असलेल्यांपेक्षा जास्त घात करतात, असं माझं मत होत चाललं आहे.

आता लिहिणाऱ्या हातांकडे येतो.

किती जण येऊन गेले, हे मोजायला मुलांना आवडतं. एक आकडा अ‍ॅप्लिकेशनमध्ये ठेवायचा. कुणी आलं की तो काढायचा, त्यात एक मिळवायचा, परत ठेवायचा. तीन कामं. टॉमकॅट एका वेळी, काही बदल न करता, 200 थ्रेडपर्यंत विनंत्या हाताळतो. समजा दोघं एकाच क्षणी आले. दोघांनी आकडा काढला. दोघांना 40 दिसले. दोघांनी 41 केले. दोघांनी 41 ठेवले. माणसं दोन आली, आकडा एकानं वाढला.

यात कुठंही त्रुटीचा संदेश येत नाही. लॉगमध्ये ओळ पडत नाही. दोघांनीही आपलं काम चोख केलेलं असतं. कुणी आळस केला नाही, कुणी खोटं लिहिलं नाही. तरी एक माणूस हिशोबातून गेला. असं नुकसान शोधायला फार वेळ लागतो, कारण ते झालंय हे सांगायला कुणीच येत नाही.

थोडं पुढं गेलेली मुलं म्हणतात, ‘सर, टॉमकॅट आतून कॉन्करंट हॅशमॅप वापरतो ना, मग काळजी कशाला?’ वापरतो, खरं आहे. हा मॅप 2004 साली जावा 5 बरोबर आला आणि फार उपयोगी ठरला. त्यात एक वस्तू ठेवणं सुरक्षित आहे. एक वस्तू काढणंही सुरक्षित आहे. काढणं आणि ठेवणं यांच्या मधला जो क्षण आहे, त्याची हमी मात्र तो देत नाही. तो क्षण तुमचा. त्यासाठी अ‍ॅटॉमिक इंटिजर वापरावा लागतो. तोही जावा 5 मधलाच. तो वाचणं, वाढवणं आणि ठेवणं हे मध्ये फट न ठेवता एका दमात करतो.

हळदीच्या भावांचा तक्ताही अ‍ॅप्लिकेशनमध्येच ठेवलेला असतो. त्याची गोष्ट जरा वेगळी. तिथं मी मुलांना सांगतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेला तक्ता ओळीओळीनं दुरुस्त करू नका. नवा तक्ता आपल्याजवळ पूर्ण तयार करा. तपासा. मग एकाच वेळी जुन्याच्या जागी ठेवा. वाचणाऱ्याला कालचा पूर्ण दिसेल नाहीतर आजचा पूर्ण दिसेल. अर्धा कालचा आणि अर्धा आजचा दिसणार नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्याला हे जमत नाही. शिपाई पुसून लिहीत असताना जो गेला, त्याला अर्धीच ओळ दिसते, आणि तो तेवढीच घेऊन घरी जातो.

आणि तक्ता ठेवायचा तो न बदलणारा ठेवायचा. जावा 9 पासून ‘लिस्ट डॉट ऑफ’ म्हटलं की अशी यादी मिळते. घेणाऱ्याला ती वाचता येते. तिच्यात घालता येत नाही, तिच्यातून काढता येत नाही. हे अविश्वासातून करायचं नसतं. उद्या कुणीतरी घाईत असेल, आणि घाईतल्या माणसाच्या हाताला काही लागू नये, एवढंच.

पहिला मजकूर कधी लिहायचा, यालाही वेळ ठरलेली आहे. 2001 साली सर्व्हलेटच्या 2.3 आवृत्तीत सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट लिसनर आला. अ‍ॅप्लिकेशन उभं राहतं, पण दार अजून उघडलेलं नसतं, त्या वेळी कंटेनर त्याला बोलावतो. सामायिक माहिती तेव्हा मांडून ठेवायची. मग पहिली विनंती आत येते. पाहुणे आल्यावर मांडामांड करायची वेळ येत नाही. मला या सगळ्या व्यवस्थेतली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

हे शिकवताना मला सातबारा आठवतो. गावाची सामायिक माहिती संगणकाच्या फार आधीपासून आहे. 1 ते 21 असे गाव नमुने आहेत. त्यातला सातवा आणि बारावा मिळून सातबारा. जमीन कुणाच्या नावावर, किती, त्यात पीक काय, बोजा कुणाचा, हे कुणालाही बघता येतं. घेणाऱ्याला बघता येतं, बँकेला बघता येतं, भावकीला तर येतंच. लिहिणारा हात मात्र एक. त्याला आपण तलाठी म्हणत आलो. आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.

तो हातसुद्धा मोकळा सोडलेला नाही. 1966 च्या जमीन महसूल संहितेतलं कलम 150 बघावं. बदल आला की तो थेट सातबाऱ्यावर जात नाही. आधी सहाव्या नमुन्यात फेरफार म्हणून लिहिला जातो. त्याची नोटीस चावडीवर लागते. ज्यांचा संबंध आहे त्यांना कळवलं जातं. हरकत घ्यायला 15 दिवस असतात. कुणी हरकत घेतली तर तिची नोंद वेगळ्या वहीत, 6अ मध्ये होते. मग मंडळ अधिकारी बघतो आणि नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर ती सगळ्यांची होते.

लोकांना हे संथ वाटतं, आणि कामाच्या गडबडीत खरंच जाच होतो. पण वाचणं आणि लिहिणं यांच्या मधला तो क्षण, ज्यात दोघांना 40 दिसले होते, तो इथं पंधरा दिवसांचा करून सगळ्यांसमोर उघडा ठेवलेला आहे. मधे कुणाचं काही बुडत असेल तर त्यानं येऊन बोलावं. संगणकाला इतका वेळ नसतो. त्याला एका दमात काम उरकावं लागतं.

1 मे 2018 पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. वाचणारे कितीतरी वाढले. पुण्याला कामाला गेलेला मुलगा तिथून गोरेगावचं वावर बघू लागला. लिहिणं तरी जुन्याच वाटेनं चालू राहिलं. खरा बदल 15 ऑगस्ट 2021 ला झाला. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आपल्या वावरात काय पेरलंय, हे शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर भरायचं. वावरात उभं राहून फोटो काढायचा आणि पाठवायचा. सोयाबीन असेल तर सोयाबीन, तूर असेल तर तूर. जिथं एक हात लिहीत होता, तिथं आता गावातले सगळे हात लिहू लागले.

गोंधळ व्हायला हवा होता. फोटो न चढणं, नेट न मिळणं, हे त्रास झालेच. पण एकाचं पीक दुसऱ्याच्या नावावर पुसून लिहिलं जाणं, हे या रचनेत सहसा घडत नाही. प्रत्येकाला लिहायला मिळतं ते आपल्या गट नंबरापुढं. वही सगळ्यांची, ओळ ज्याची त्याची. मुलांना मी हेच दाखवतो. बऱ्याच जणांना लिहू द्यायचं असेल तर एकाच आकड्यावर सगळ्यांना सोडू नका. प्रत्येकाला त्याची चावी द्या. कॉन्करंट हॅशमॅप अशा वेळी शोभून दिसतो. शेकडो हात लिहितात आणि एकमेकांना लागत नाहीत.

एक गोष्ट राहिली. संपूर्ण अ‍ॅप्लिकेशनमध्ये वाटलेली माहिती खरंच संपूर्ण असते का?

नसते. सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट एका अ‍ॅप्लिकेशनला एक असतो, पण एका जावा व्हर्च्युअल मशीनपुरता. गर्दी वाढली म्हणून तेच अ‍ॅप्लिकेशन दोन यंत्रांवर चालवलं की कॉन्टेक्स्ट दोन होतात. एकावर भाव बदलला तर दुसऱ्याला पत्ता नसतो. एका शेतकऱ्याला आजचा भाव दिसतो, दुसऱ्याला कालचा. दोघं बाजारात भेटले की भांडण. गोरेगावच्या फळ्यावर लिहिलेलं नर्सीला दिसत नाही. आषाढीनंतरच्या परतवारीला नर्सी नामदेवला अख्खा जिल्हा लोटतो. तिथं काय सोय आहे, हे नर्सीतच लिहावं लागतं. दोन्ही गावांना एकच गोष्ट दिसायला हवी असेल, तर ती दोन्ही गावांच्या बाहेर, दोघांना पोचता येईल अशा तिसऱ्या जागी ठेवावी लागते. संगणकाच्या भाषेत डेटाबेस, किंवा रेडिससारखा सामायिक साठा. शिवाय कॉन्टेक्स्टमधलं सगळं स्मृतीत असतं. यंत्र बंद करून चालू केलं की कोरं. जे टिकायला हवं, ते तिथं फक्त दाखवायला ठेवायचं. राहायला त्याला दुसरं घर लागतं.

1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तोवर जे एकाच ठिकाणी मिळायचं, ते दोन ठिकाणी गेलं. जुनी माणसं बरेच दिवस सवयीनं परभणीचंच नाव घेत. त्याच 1999 साली सन कंपनीनं टॉमकॅट अपाचेकडे सोपवला. एका कंपनीचं होतं ते सगळ्यांचं झालं. दोन घटनांचा काही संबंध नाही. मला मात्र त्या शेजारी ठेवून बघायला आवडतं. सगळ्यांचं म्हणजे नेमकं किती जणांचं, ही रेघ कुणीतरी कधीतरी आखलेली असते, आणि ती पुन्हा आखता येते.

मुलांचा कल भरपूर ठेवण्याकडे असतो. जागा आहे, नाव देता येतं, कुठूनही मिळतं, मग ठेवा. अ‍ॅप्लिकेशनमध्ये ठेवलेली वस्तू कुणी काढली नाही तर अ‍ॅप्लिकेशन बंद होईपर्यंत तिथंच बसते. जावाचा कचरा गोळा करणारा तिला हात लावत नाही, कारण तिचं नाव अजून कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. ती कुणाला लागते का, हे तो विचारत नाही. महिन्याभरानं यंत्र जड होतं आणि कुणालाच कळत नाही कशानं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मागच्या ग्रामसभेची तारीख तशीच राहिली तर नव्या तारखेला जागा उरत नाही. शिपायाचं अर्धं काम लिहिण्याचं आहे, अर्धं पुसण्याचं.

तुमच्याही हाताखाली असं एखादं अ‍ॅप्लिकेशन असेल. आज वेळ काढून त्यातल्या सामायिक नोंदींची यादी करा. प्रत्येक नोंदीपुढं ती कोण वाचतं ते लिहू नका, त्यात वेळ जाईल. ती कोण लिहितं, तेवढं लिहा. जिच्यापुढं एकच नाव येईल तिला सोडून द्या. जिच्यापुढं दोन नावं येतील, तिथून कामाला लागा. आणि जिच्यापुढं कुणाचंच नाव सुचणार नाही, ती पुसून टाका.